मुलाला कादंबरी आवडली नाही, आता काय करावं?

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी मुलांना बाहेर सोडायची सोय नसते. पारा पंचेचाळीसला टेकलेला, पोरं कूलरसमोर लोळत पडलेली, आणि आपण हौसेनं आणलेली जादूची, साहसाची जाडजूड कादंबरी अर्ध्यावर उपडी घातलेली. विचारलं तर उत्तर एकच, "बोर करून राहिलं ते." आपण म्हणतो, "बरं, दुसरं वाच." माझं म्हणणं आहे, एवढ्यावर सोडू नका. जीव लावून वाचलं म्हणूनच ते मूल नाराज झालंय.

सुरुवातीला पुस्तक संपवायची सक्ती अजिबात नको. "एवढे पैसे घातले त्याच्यात" हे तर तोंडातून काढूच नका. एक-दोन दिवस जाऊ द्या.

मग पुस्तक त्याच्या हातात देऊन विचारा, कंटाळा नेमका कुठल्या पानापासून यायला लागला? "का नाही आवडलं?" म्हटलं की मुलं खांदे उडवतात. पान विचारलं की चाळायला लागतात. माझ्या भाचीनं असंच चाळत चाळत एका पानावर बोट ठेवलं. राजकन्या गुहेत अडकते, अंगठी चमकते, ती सुटते. पुढे नदीत बुडायला लागते, पुन्हा अंगठी चमकते. "मावशी, आता ती कुठंही पडू दे, अंगठी आहेच ना," भाची म्हणाली. भीतीच संपली, तर पुढचं पान उलटायचं कशाला?

अशा कथांची मेख इथेच असते. जादूला नियम हवा आणि तिची किंमत कुणीतरी मोजायला हवी. हे मुलांना समजावून सांगायला महाभारतासारखं दुसरं काही नाही. कर्णानं कवचकुंडलं अंगावरून कापून दिली, तेव्हा इंद्राची शक्ती मिळाली, तीही एकदाच वापरता येणारी. अर्जुनासाठी जपून ठेवलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्च झाली. त्यात परशुरामांचा शाप, ऐन वेळी अस्त्र आठवणारच नाही. एवढा मोठा योद्धा, पण प्रत्येक वेळी जीव टांगणीला लागतो. ही गोष्ट सांगा आणि विचारा, त्या अंगठीला कोणती अट घातली असती तर मजा आली असती? मुलं भराभर अटी सुचवतात, आणि त्या लेखकाच्या कल्पनेपेक्षा बऱ्याचदा सरस असतात.

दोष कथेबाहेरचाही असू शकतो, तेवढं बघून घ्या. मालिकेतला दुसरा किंवा तिसरा भाग आधी हातात पडलाय का? पुस्तक अनुवादित असेल तर एक पान मोठ्यानं वाचा. संवाद जिभेवर अडखळत असतील, तर मूळ लेखकाला बोल लावू नका.

आता खरी गंमत. जिथे कथा फसली, तिथून पुढे मुलालाच सांगायला लावा, आणि जागा त्याच्या ओळखीची द्या. समजा, राजकन्या रामटेकच्या गडावर पायऱ्या चढतेय आणि तिथल्या माकडानं अंगठी पळवली. आता? माकडाच्या हातात जादू चालेल का? परत मिळवायला तिनं काय द्यावं? त्यानं सांगितलेलं दोन पानं लिहून काढू द्या. शुद्धलेखन त्या दिवशी तपासू नका.

पुढचं पुस्तक मुलालाच निवडू द्या. मुखपृष्ठावरचा ड्रॅगन बघून भुलू नका. पहिलं पान आणि मधलं कुठलंही एक पान त्याला उभ्या उभ्या वाचू द्या; मधल्या पानावरही तो रमला तर घ्या. नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या पुस्तकांच्या ढिगाशी हे निवांत करता येतं. खर्च करायचा नसेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक इंटरनेटवर मोफत आहेत. लहान कथांवर आवड कळते, मग कादंबरीकडे वळता येतं.

न आवडलेलं पुस्तक शेजारच्या मुलाला खुशाल द्या, पण देताना त्याला नावं ठेवू नका. त्याचं वाचून होऊ दे, मग दोघांना समोरासमोर बसवा. त्याला ते आवडलेलं असलं, तर तावातावानं भांडू द्या.