किडनी फेल्युअरचं अ‍ॅनिमल मॉडेल पहिल्यांदाच करताय?

नेफ्रोटॉक्सिसिटीवर (औषधांमुळे किडनीला होणाऱ्या इजेवर) काम मिळालं की नवीन मुलं लगेच सिस्प्लॅटिनचा (किडनीला इजा करणारं कॅन्सरचं औषध) डोस शोधायला लागतात. माझं सांगणं एवढंच की आधी तुम्हाला अक्यूट (अचानक झालेली) इंज्युरी बघायचीय की क्रॉनिक (हळूहळू वाढणारी) ते ठरवा, केमिकल त्यावरूनच ठरतं. अक्यूटसाठी सिस्प्लॅटिनचं एक इंजेक्शन पुरतं, जेंटामायसिन (एक अँटिबायोटिक) मात्र रोज, आठवडाभर तरी द्यावं लागतं. क्रॉनिकसाठी अ‍ॅडेनिन, उंदरांपेक्षा मोठ्या रॅट्सना साधारण 0.75 टक्के खाद्यातून 4 आठवडे, त्यापासून शरीरात बनणारे क्रिस्टल ट्यूब्यूलमध्ये (किडनीच्या बारीक नळ्यांमध्ये) अडकतात आणि हळूहळू फायब्रोसिस होतो, म्हणजे व्रणासारखे तंतू साचतात. यात एक गोम आहे, अ‍ॅडेनिनच्या चवीमुळे प्राणी कमी खातात, मग वजन किडनीमुळे उतरलं की उपासमारीने ते कळतच नाही, म्हणून तेवढंच, पण अ‍ॅडेनिन नसलेलं खाद्य दिलेला वेगळा कंट्रोल ग्रुप ठेवाच.

सिस्प्लॅटिनमध्ये खरा त्रास साधारण 72 तासांनी दिसतो. त्यामुळे तिसरा-चौथा दिवस सुट्टीत येईल अशा वारी डोस देऊ नका, प्लीज, त्याच दिवसांत प्राण्यांकडे सगळ्यात जास्त बघावं लागतं. पाठ वाकवून बसणं, केस उभे राहणं, हालचाल मंदावणं, हे रोज लिहून ठेवा आणि वजन किती टक्के उतरलं की प्राण्याला त्रासातून सोडवायचं (20 टक्के ही बऱ्याच ठिकाणची मर्यादा) ते एथिक्स कमिटीच्या प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा. ऐनवेळी ठरवायला गेलं की डेटाच्या मोहात अजून एक दिवस थांबूया असं होतं आणि तो दिवस त्या जिवाला फार जड जातो.

रक्तातल्या क्रिएटिनिनवर (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) सगळी भिस्त ठेवू नका, बरीचशी किडनी निकामी झाल्यावरच ते वाढतं. युरिनमधलं किम-1 (इजा झालेल्या किडनीतून येणारं प्रोटीन) त्याच्या आधी वाढतं. उंदरांच्या सीरममध्ये जाफे पद्धत (रंग बदलावरून मोजणारी जुनी रासायनिक चाचणी) क्रिएटिनिन जास्त दाखवते, एन्झायमॅटिक किट परवडत असेल तर तेच घ्या. डोस देण्याआधीचं बेसलाइन ब्लड आणि युरिन हवंच हवं, ते नंतर कुठूनही मिळत नाही.

शेवटी एक किडनी फॉर्मॅलिनमध्ये, दुसरी लगेच फ्रीझ, आणि स्लाइडचं स्कोअरिंग ग्रुप माहीत नसलेल्या माणसाकडूनच करून घ्या.