क्राइम मालिका लिहिताना या चुका टाळा

नव्या लेखकांचे भाग माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेकांचा शेवट ठरलेला असतो: पीआय, म्हणजे पोलीस निरीक्षक, टेबलावर हात आपटतो, आरोपी रडतो, 'हो, मीच मारलं' म्हणतो आणि केस सुटते.

अशी केस सुटत नाही. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम २५ हेच सांगत होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ सांगतं.

ही चूक मीही केली आहे. घोडबंदर रोडच्या सेटवर शूटिंग होतं, चॅनेलला भाग दुसऱ्या दिवशी हवा होता, म्हणून मी शेवटी कबुली टाकून मोकळा झालो. भाग लागला त्या रात्री आमच्या वर्तकनगरच्या इमारतीतले निवृत्त हवालदार काका वर आले. म्हणाले, "तुझा आरोपी बोलला रे, पण कोयता कुठाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी रात्री एक वाजेपर्यंत मला समजावलं. कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर तिच्याशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग कोर्टात चालतो. म्हणून आरोपी 'कोयता काढून देतो' म्हणाला की दोन पंच, म्हणजे त्रयस्थ साक्षीदार, बोलवायचे, तो बोलेल तसं निवेदन लिहून घ्यायचं आणि तो दाखवेल त्या रस्त्याने गाडी न्यायची. कोयता मिळाला की कागदात गुंडाळायचा, दोरा बांधायचा, पंचांच्या सह्यांचं लेबल लावायचं, वर लाखेचं सील. आता यात मोबाइलवर चित्रीकरणही आलं. पंच बहुतेकदा जवळचाच कोणी दुकानदार. काका म्हणाले, सही करताना तो हमखास विचारतो, "साहेब, मला कोर्टात यावं लागेल का?"

मी लिहिलेल्या सगळ्या थपडांपेक्षा या एका प्रश्नात जास्त भीती आहे. तेव्हापासून पंचाला संवाद दिल्याशिवाय मी पंचनाम्याचा सीन लिहीत नाही.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. १ जुलै २०२४पासूनच्या खुनाला जुन्या दंड संहितेचं कलम ३०२ लावू नका, भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. कथेतला गुन्हा त्याआधीचा असेल तर मात्र ३०२च. अटकेनंतर, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत आरोपी मॅजिस्ट्रेटसमोर हवा, त्याला चार दिवस कोठडीत विसरू नका. सूर्यास्तानंतर बाईला अटक दाखवायची तर अपवादाचं कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी, तिन्ही दाखवा. रुळांवर मृतदेह मिळाला तर लोहमार्ग पोलीस येतात. रुमालाने सुरा उचलून खिशात घालणारा पीआय कृपा करून थांबवा.

हद्दीचा गोंधळ तर आपल्याकडच्याच लेखकांनी करावा, याचं मला वाईट वाटतं. ऐरोली ठाणे जिल्ह्यात आहे, पण पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. पूल ओलांडून मुलुंडला गेलात की मुंबई पोलीस. खाडीत मृतदेह मिळाला की 'हा कुणाच्या हद्दीत?' हा पहिला प्रश्न असतो आणि त्यावर अख्खा सीन उभा राहतो. त्यासाठी नकाशा उघडायला पाच मिनिटं लागतात. तेवढाही धीर नसेल तर क्राइम लिहू नका.

दुसरी मोठी चूक माणसांची. आपल्या मालिकांत नातेवाईक बातमी कळताच किंचाळतात. कळव्याच्या हॉस्पिटलात शवागाराबाहेर मी एका माणसाला पाहिलं. भावाचं पोस्टमॉर्टेम चालू होतं आणि तो आधारकार्डाच्या झेरॉक्सवरची सुरकुती अंगठ्याने पुन्हा पुन्हा सपाट करत होता. शेजारच्याला त्याने विचारलं, "एकच कॉपी लागते ना?" तो रडला नाही. असं काही डोळ्यांसमोर आल्याशिवाय मी रडण्याचा सीन लिहायला घेत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ठाणे कोर्टात पाठवतो. सुनावणी सहसा खुली असते. मागच्या बाकावर गप्प बसायचं, फोन बंद ठेवायचा. इंटरनेटवरच्या परदेशी मालिका बघून हे कळणार नाही. मी बसलो होतो त्या दिवशी एका पंचाची उलटतपासणी चालू होती. वकिलाने विचारलं, "लाख कुठल्या रंगाची होती?" पंचाने कठडा घट्ट धरला, सरकारी वकिलांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, लालच असते ना?"