मोबाईलवर आलेल्या नवलाच्या चित्राचं मूळ कसं शोधावं

मागच्या हिवाळ्यात वेंगुर्ल्याहून माझ्या आत्येने एक फोटो पाठवला. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गोळ्यांची रांगोळी, मधल्या भोकापासून चहूबाजूंना किरणांसारखी पसरलेली. खाली मजकूर : 'परदेशी बेटावर एका रात्रीत उमटलेली गूढ चिन्हे'. पाठोपाठ तिचा फोन. "ह्यां खरां काय गो?"

मी म्हटलं, "आत्ये, संध्याकाळी सुकती आहे. पुळणीवर जा आणि खाली वाकून बघ."

सुकती म्हणजे ओहोटी, पुळण म्हणजे वाळूचा किनारा. आत्ये गेली. अर्ध्या तासात तिने स्वतः काढलेला फोटो आला. तीच रांगोळी, फक्त कडेला तिची चप्पल.

अशी चित्रं मला मनापासून आवडतात. प्रत्येक चित्रामागे उन्हात किंवा पावसात ताटकळलेला कुणीतरी माणूस असतो. या हातातून त्या हातात जाताना त्याचं नाव गळून पडतं, गाव बदलतं, आणि भलताच मजकूर चिकटतो. मूळ शोधायला फार काही लागत नाही. मोबाईल आणि पंधरा मिनिटं पुरतात.

आधी चित्र, मग मजकूर

चित्र थेट सेव्ह करा. स्क्रीनशॉटच असेल तर वरची बॅटरी-रेंजची पट्टी, खालचा मजकूर, कडेचे इमोजी कापून टाका, नाहीतर शोधयंत्र त्यातच अडकतं. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाणाची खूण दिसली तर ते निदान पाच हातांतून फिरून तुमच्यापर्यंत आलंय. मग पाठवणाऱ्याला विचारून फारसं हाती लागत नाही. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा, तारीख, जागा यांची नोंद असते, पण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की ती निघून जाते. त्यामुळे त्या वाटेने वेळ घालवू नका.

दोन मिनिटं नुसतं बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची. मजकुरावर अंगठा ठेवा आणि चित्रात काय आहे ते स्वतःशी बोला. गाडीची पाटी दिसते का? एमएच ०६ म्हणजे रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी. भिंत जांभ्याची की विटांची? छपरावर मंगलोरी कौलं की पत्रे? होडीला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारं बाजूचं लाकूड, आहे का? नुसते माड पाहून 'हे आपलंच' म्हणू नका, माड केरळातही आहेत आणि श्रीलंकेतही.

सूर्य तर फार मोठा साक्षीदार. आपला समुद्र पश्चिमेला. उघड्या किनाऱ्यावर सूर्य पाण्यात बुडतो आणि उगवतो तो सह्याद्रीच्या बाजूने. 'गणपतीपुळ्याचा सूर्योदय' असा मजकूर आणि चित्रात सूर्य क्षितिजावर पाण्याला टेकलेला, तर मजकूर चुकलाय किंवा फोटो दुसऱ्या किनाऱ्याचा आहे. खाडीच्या वळणावर मात्र हे गणित लागू होत नाही.

पाट्यांवरची अक्षरंही वाचा. यंत्राने (एआयने) बनवलेल्या चित्रांत देवनागरी पाटी बऱ्याचदा लांबून खरी वाटते आणि जवळ गेलं की वाचताच येत नाही. हाताची बोटं कमी-जास्त आहेत का ते मोजण्यावर पूर्वीसारखा भरवसा ठेवू नका, अलीकडची चित्रं त्यात सुधारली आहेत. अक्षरं उलटी दिसली तर कुणीतरी फोटो आरशासारखा फिरवलाय. तो सुलटा करा आणि मगच पुढे चला.

मग शोध

गूगल लेन्समध्ये चित्र टाका. ते सारखी दिसणारी चित्रं दाखवतं, त्यामुळे वस्तू, प्राणी, जागा ओळखायला ते चांगलं. टिनआय हे संकेतस्थळ २००८ पासून आहे. ते हुबेहूब तेच चित्र आणखी कुठे कुठे आहे ते शोधतं. त्यात निकाल सर्वात जुन्यापासून लावायची सोय आहे, ती जरूर वापरा. तिथली तारीख मात्र चित्र त्यांना सापडलं त्या दिवसाची असते, ते काढलं त्या दिवसाची नसते. काहीच मिळालं नाही तर चित्राचा एखादा ठळक तुकडा कापून पुन्हा शोधा : नुसती होडी, नुसता प्राणी.

तुकडा कापण्याचं महत्त्व शार्कच्या एका फोटोवरून चांगलं कळतं. २००३ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर थॉमस पेश्चाक या छायाचित्रकाराने एक फोटो काढला : पिवळ्या कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीत, माणूस, आणि मागून येणारा भलामोठा पांढरा शार्क. फोटो अस्सल होता, पण इतका विलक्षण की लोकांना तोच बनावट वाटला. पुढे कुणीतरी त्यातला शार्क कापून पुराच्या पाण्यात सोडला. २०११ मध्ये तो पोर्तो रिकोच्या रस्त्यावर 'पोहला', २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या. रस्ता खरा, शार्क खरा, जोडणी खोटी. शार्कचा तुकडा कापून शोधला की कयाकवाला मूळ फोटो समोर येतो.

याच्या उलटही होतं. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावर मगर चालतानाचा व्हिडिओ फिरला, तेव्हा मुंबईतल्या आमच्या नातेवाइकांनी तो सरळ खोटा ठरवला. तो खरा होता. तिथल्या वाशिष्ठी नदीत मगरी आहेत आणि धो धो पावसात त्या बाहेर पडतात. अजब दिसतं म्हणून खोटं, असा निकाल कधीही देऊ नका.

निळ्या चकाकणाऱ्या लाटांच्या फोटोंबाबतही घाई नको. नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव पाणी ढवळलं की प्रकाश देतो. आपल्या किनाऱ्यावरही कधी कधी काळोख्या रात्री ते दिसतं. कॅमेऱ्याची झडप (शटर) काही सेकंद उघडी ठेवली की तो प्रकाश साठत जातो, म्हणून फोटोत निळाई डोळ्यांना दिसते त्याहून गडद येते. एवढ्यावरून फोटो बनावट ठरत नाही.

जमलं तर जागेवर जा

आत्येने केलं ते हेच. वाळूतली ती रांगोळी काढते नखाएवढी कुर्ली, म्हणजे खेकडा. सुकती लागली की ती बिळातून वर येते, ओली वाळू तोंडाशी नेते, त्यातलं बारीकसारीक खाद्य वेचते आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकते. बिळापासून सरळ रेषेत पुढे जाते, परत येते, मग शेजारची रेषा धरते. म्हणून किरण. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या सुकतीला नवी नक्षी. बघायला जायचं तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून सुकतीच्या उत्तरार्धात जा, तेव्हा नक्षी भरलेली असते. पावलं वाजवू नका. जरा हादरा बसला की कुर्ल्या बिळात गडप होतात, पण पाच मिनिटं हालचाल न करता उकिडवं बसलं की पुन्हा कामाला लागतात.

सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळी पठारावरच्या, कातळशिल्पांचं मात्र उलट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. त्याच्या शेजारी उभं राहिलात तर नुसत्या चरांच्या रेषा दिसतात, पूर्ण आकार उंचावरूनच कळतो. म्हणजे फिरणारा तो फोटो कुणीतरी मेहनतीने वरून टिपलेला असतो. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी यांच्यासह कोकणपट्ट्यातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत. फोटो उठावदार यावा म्हणून चरांत खडू किंवा रंग भरू नका आणि शिल्पावर चालू नका.

नाव लावा

मूळ सापडलं की चित्रासोबत चार गोष्टी लिहून ठेवा : कुणी काढलं, कुठे, कधी, पान कोणतं. मी मोबाईलमध्ये त्यासाठी वेगळी वहीच उघडली आहे. 'इंटरनेटवर आहे म्हणजे सगळ्यांचं' हा समज चुकीचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. स्वतःच्या पानावर किंवा पत्रकात वापरायचं असेल तर सरळ विचारा. माझा अनुभव असा की दोन ओळी नीट लिहिल्या की माणसं आनंदाने हो म्हणतात. विचारणं शक्य नसेल तर विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रसंग्रहात शोधा. तिथे प्रत्येक चित्राखाली वापराची अट लिहिलेली असते, ती वाचा आणि पाळा.

ग्रुपवर चुकीचा मजकूर दुरुस्त करताना पाठवणाऱ्याला उघडं पाडू नका. बहुतेकांनी ते कौतुकानेच पाठवलेलं असतं. मूळ चित्र, नाव, गाव एवढंच खाली टाका.

आत्येने तसंच केलं. गूढ चिन्हांच्या त्या फोटोखाली तिने चप्पलवाला फोटो लावला आणि लिहिलं : 'वेंगुर्ला, काल संध्याकाळी, कुर्लीने काढलेली.' आता भाचरं तिला विचारतात, उद्या सुकती किती वाजता.