ऑपरेटिंग सिस्टिम्सचा पहिला कोर्स: अभ्यास कसा करावा

व्याख्या पाठ करून ओरलपर्यंत पोचता येतं. पण एक्स्टर्नलने कागदावर पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहून ‘हा काय छापेल?’ असं विचारलं की गाडी तिथेच अडते. म्हणून या विषयातली प्रत्येक संकल्पना एकतर मशीनवर चालवून बघावी, नाहीतर कागदावर हाताने सोडवावी. दोन्हींपैकी काहीच न करता पुढच्या युनिटला हात लावू नये.

त्यासाठी लिनक्स लागेलच. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) पुरेसं आहे, कारण त्यात खरा लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, चालतो. व्हर्च्युअल मशीन वापरणार असाल तर तिला किमान २ कोअर द्या. एकाच कोअरवर थ्रेडच्या (एकाच प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांच्या) चुका क्वचितच उघड होतात आणि चुकीचा प्रोग्रॅमही बरोबर वाटतो.

सुरुवात फोर्कपासून करा, म्हणजे चालू प्रोग्रॅमची (प्रोसेसची) प्रत बनवणाऱ्या कॉलपासून. मूळ प्रोसेस पॅरेंट, प्रत चाइल्ड. लागोपाठ तीन फोर्क लिहिले की एकूण ८ प्रोसेस होतात, त्यातल्या ७ नव्या. हे झाडाची आकृती काढून पटवून घ्या. मग हा प्रयोग करा: प्रिंटएफने ‘नमस्कार’ आणि न्यूलाइन छापा, त्याच्या खाली एक फोर्क, आणि प्रोग्रॅम संपवा. टर्मिनलवर नमस्कार एकदाच दिसेल. आता तेच आउटपुट फाइलमध्ये वळवा. फाइलमध्ये नमस्कार दोनदा! टर्मिनलवर ओळ संपली की बफर (छापायचा मजकूर साठवणारी तात्पुरती जागा) रिकामा होतो, फाइलसाठी मात्र तो भरेपर्यंत किंवा प्रोग्रॅम संपेपर्यंत मजकूर आतच राहतो. फोर्कच्या क्षणी तो मजकूर बफरमध्ये पडून होता, त्याचीही प्रत चाइल्डला मिळाली, आणि संपताना दोघांनी आपापला बफर बाहेर टाकला. ‘चाइल्डला मेमरीची वेगळी प्रत मिळते’ हे वाक्य यानंतर वेगळं पाठ करावं लागत नाही.

झोंबी प्रोसेसही (संपलेली, पण पॅरेंटने वेट कॉलने अजून दखल न घेतलेली) अशीच डोळ्यांनी बघा. चाइल्डला लगेच संपवा, पॅरेंटमध्ये वेट न लिहिता त्याला ६० सेकंद झोपवा आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये पीएस एयूएक्स चालवा. स्टेटच्या रकान्यात झेड दिसेल.

शेड्युलिंगची (सीपीयू कोणाला कधी द्यायचा याची) गणितं सोपी वाटतात, पण मार्क जातात ते नियम न लिहिल्यामुळे. राउंड रॉबिन (प्रत्येकाला आळीपाळीने ठरावीक वेळ, म्हणजे क्वांटम) घ्या, क्वांटम २. पी१ वेळ ० ला येतो, काम ५. पी२ वेळ १ ला, काम ३. पी३ वेळ २ ला, काम १. वेळ २ ला एकाच क्षणी दोन गोष्टी घडतात: पी१ चा क्वांटम संपतो आणि पी३ येतो. रांगेत आधी कोण? पी३ आधी धरला तर क्रम पी१, पी२, पी३, पी१, पी२, पी१ असा होतो. वेटिंग टाइम ४, ४, २, म्हणजे सरासरी ३.३३. पी१ आधी धरला तर पी३ सहाव्या क्षणापर्यंत ताटकळतो, तिघांचाही वेटिंग टाइम ४ आणि सरासरीही ४. दोन्ही उत्तरं आपापल्या नियमाने बरोबर आहेत. आपल्या सरांनी वर्गात कोणता नियम धरला ते विचारून घ्या आणि गँट चार्टच्या (कोण कधी चालला त्या पट्टीच्या) वर तो एका ओळीत लिहा.

मेमरीत आधी पत्त्याची फोड हातात बसवा. पेज (मेमरीचा ठरावीक तुकडा) ४०९६ बाइटचं असेल तर ऑफसेटला (पेजमधल्या जागेला) १२ बिट. पत्ता ८२०० म्हणजे पेज २, ऑफसेट ८. पत्ता ३२ बिटांचा असेल तर पेज क्रमांकाला २० बिट उरतात, म्हणजे पेज टेबलात (कोणतं पेज मेमरीत कुठे आहे, त्या यादीत) साधारण साडेदहा लाख नोंदी. नोंद ४ बाइटची धरली तर एकेका प्रोसेसचं पेज टेबल ४ एमबीचं! मल्टिलेव्हल पेज टेबल का लागतं, ते या गुणाकारातच कळतं. मग १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ ही पेज क्रमांकांची मालिका फिफोने (आधी आलेलं पेज आधी काढायचं) सोडवा. ३ फ्रेमला (मेमरीतल्या पेजच्या जागांना) ९ पेज फॉल्ट (हवं ते पेज मेमरीत नसणं) येतात, ४ फ्रेमला १०. फ्रेम वाढवूनही फॉल्ट वाढले, हीच बेलाडीची विसंगती. एलआरयूने (सर्वांत जास्त वेळ न वापरलेलं पेज काढायचं) तीच मालिका १० आणि ८ देते. आकडे जुळले नाहीत तर बहुधा सुरुवातीच्या रिकाम्या फ्रेम भरतानाचे फॉल्ट मोजायचे राहिलेले असतात.

सिंक्रोनायझेशनला (थ्रेडमधल्या समन्वयाला) सर्वांत जास्त वेळ द्या. दोन थ्रेड, प्रत्येकाने एकच सामाईक काउंटर १० लाख वेळा वाढवायचा, लॉक नाही. उत्तर २० लाख यायला हवं, पण बहुतेक वेळा कमी येतं, आणि दर वेळी वेगळं. कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवा. ते चालू असलं तर कंपायलर अख्खा लूप एकाच बेरजेत गुंडाळू शकतो आणि चूक लपते. प्रोड्यूसर-कन्झ्यूमरमध्ये (एक थ्रेड बफरमध्ये माल टाकतो, दुसरा काढतो) आधी म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेऊन मग रिकाम्या जागेच्या सेमाफोरवर (जागा मोजणाऱ्या गणकावर) थांबलात तर बफर भरताच डेडलॉक (सगळेच एकमेकांसाठी अडकणं) ठरलेलाच. जागा करून देणारा कन्झ्यूमर त्याच म्यूटेक्ससाठी खोळंबलेला असतो. कंडिशन व्हेरिएबलभोवती (अट खरी होईपर्यंत थ्रेडला झोपवणाऱ्या साधनाभोवती) इफ नाही, व्हाइल लिहा. जाग येईपर्यंत अट पुन्हा खोटी झालेली असू शकते. बँकर्स अल्गोरिदम (डेडलॉक टाळण्याची पाठ्यपुस्तकातली रीत) परीक्षेपुरता नीट सोडवा, पण प्रत्यक्ष कर्नलमध्ये लॉक ठरलेल्या क्रमानेच घेण्याची शिस्त पाळतात, हेही उत्तरात लिहा.

महिनाभर हाताशी असेल तर एक्सव्ही६ उघडाच. एमआयटीत २००६ साली शिकवण्यासाठी लिहिलेली ही छोटी सिस्टिम क्यूएमयू या एम्युलेटरमध्ये (नकली मशीनमध्ये) चालते. कंट्रोल-पी दाबलं की प्रोसेसची यादी येते. बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स. तिच्यात स्वतःचा एक सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे मागायचं काम) घाला. यूझरच्या बाजूची स्टबची (कर्नलला हाक मारणाऱ्या छोट्या फंक्शनची) नोंद विसरलात तर लिंकर अडवेल. कर्नलच्या टेबलातली नोंद विसरलात तर प्रोग्रॅम बनेल, पण चालवल्यावर ‘अननोन सिस कॉल’ असा संदेश येईल. यूझर मोड कुठे संपतो आणि कर्नल कुठे सुरू होतो, ते या दोन चुकांतून स्वच्छ दिसतं.

फाइल सिस्टिमला दोन दिवस पुरतात. एका फाइलची हार्ड लिंक (त्याच फाइलला दुसरं नाव) करा आणि एलएस -आय ने दोन्ही नावांचा आयनोड (फाइलची डिस्कवरची नोंद) क्रमांक एकच आहे ते बघा. मग मूळ नाव खोडा. दुसऱ्या नावाने मजकूर तसाच वाचता येतो, फक्त लिंकची संख्या २ वरून १ वर आलेली असते.