पोळ्यानंतर बोडीच्या पाण्याचा रंग मोजा

झड थांबून ऊन तापू लागलं की बोडीचं, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या आणि मासे पाळलेल्या लहान तळ्याचं, पाणी आठ-दहा दिवसांत गर्द हिरवं होतं. हा रंग वनस्पती प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म वनस्पतींचा. कटला-रोहूचं नैसर्गिक खाद्य त्यांच्यापासूनच तयार होतं आणि दिवसा पाण्याला ऑक्सिजनही तेच देतात. रात्री मात्र तेच ऑक्सिजन ओढतात. म्हणून हिरवं पाणी हवंच, पण मोजून.

पत्र्याची 20 सेंमी व्यासाची चकती घ्या. तिचे चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा, खाली वजन लावा आणि दोरीवर दर 5 सेंमीला खूण करा. सकाळी 10 ते 12 दरम्यान, ऊन पाठीशी घेऊन ती पाण्यात सोडा. 25 ते 40 सेंमीवर दिसेनाशी झाली तर पाणी उत्तम. 50 च्या पुढेही दिसत असेल तर पाणी उपाशी आहे. गुंठ्याला 10 किलो ताजं शेण पाण्यात कालवून पसरवा. 20 च्या आत गेली तर शेणखत बंद, खाद्य निम्मं. पाणी मातकट असेल तर हा हिशेब लागू नाही. तिथे चकती गाळामुळे लपते.

बांधीत (धानाच्या बांध घातलेल्या शेतात) युरिया टाकल्यावर निदान आठवडाभर तिथलं पाणी बोडीत उतरू देऊ नका. पिकाचं खत वाया जातं आणि बोडीत प्लवक बेसुमार वाढतात.

खरा धोका कडक उन्हानंतर एकदम आभाळ दाटून वारा पडतो तेव्हा. दिवसा ऑक्सिजन तयार होत नाही, प्लवक मरून कुजतात आणि पहाटे 4 ते 6 मध्ये मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. टाळी वाजवल्यावर बुडी मारून पुन्हा वर आले तर अजून वेळ आहे; हललेच नाहीत तर लगेच पंप लावा. अशा वेळी आधी मोठे मासे मरतात, त्यावरून हा रोग नाही हे ओळखा. खरं तर अशा रात्री 2 वाजल्यापासूनच पंप चालवावा. बोडीचंच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा. बोअरच्या पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी असतो, तेही उंचावरूनच सोडा. त्या दिवशी खाद्य देऊ नका.

घाबरून चुना फेकू नका. गर्द हिरव्या पाण्याचा सामू (pH) दुपारी आधीच 9 च्या वर जातो; चुन्याने तो आणखी चढतो आणि पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. मोरचूदही (कॉपर सल्फेट) नको: सगळे प्लवक एकदम मरतात आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खातात.

वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाला हिरव्या रंगासारखी साय जमली तर जुन्या लुगड्याने ओढून काढा आणि काठापासून लांब खड्ड्यात पुरा. ही निळ्या-हिरव्या शेवाळाची साय विषारी असू शकते, तिथे गुरांना पाणी पाजू नका.

धानाला पाणी सोडून बोडी निम्म्यावर आली की तेवढ्याच माशांना पाणी अपुरं पडतं. विकण्याजोगे मासे पाणी सोडण्याआधीच, सकाळच्या गारव्यात काढून घ्या.