पोरीसोबत गॅरेजमध्ये जुनी मियाटा उभी करायचीय? मग बॅटरी तुम्ही धरा

लहानपणी सांगलीत बाबांची चेतक बिघडली की रविवारी अंगणात पोतं टाकून ते खाली बसायचे आणि मला एकच काम, बॅटरी धरायची. "अरे उजेड कुठं मारतोयस, इकडं धर" हे ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं सांगायला नको. पाच-सहा वर्षं मी बॅटरी धरली, पण कार्बोरेटर उघडायला कधी शिकलो नाही, कारण पाना माझ्या हातात आलाच नाही. म्हणून इथे न्यू जर्सीत १९९२ची माझदा मियाटा गॅरेजमध्ये आणली तेव्हा (पोरगी तेव्हा पंधरा वर्षांची) मी पहिल्याच दिवशी ठरवलं की पाना तिच्या हातात आणि बॅटरी माझ्या. दोन वर्षं लागली. ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी आम्ही जे शिकलो ते लिहितोय, क्रम जरा इकडे तिकडे होईल.

आधी गाडी कुठली घ्यायची. दोन सीटची, टप उघडणारी मियाटा फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवली, आणि उघड-मिट होणाऱ्या हेडलाइटवाली ही पहिली पिढी १९९७ पर्यंत बनत होती. चार लाखांहून जास्त बनल्या त्यामुळे पार्ट अजून मिळतात. वजन हजार किलोच्या आसपास, इंजिन १.६ लिटर (१९९४ पासून १.८), बॉनेट उघडलं की हात घालायला जागा आहे. आणि पोरांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल जुळवणारा दातेरी पट्टा) तुटला किंवा एखादा दात चुकून बसला तरी या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन आपटत नाही. म्हणजे शिकणाऱ्याची चूक रविवारच्या दिवसावर भागते, अख्खं इंजिन जात नाही. पहिल्या गाडीला हा गुण मला हॉर्सपॉवरपेक्षा मोठा वाटतो.

गाडी बघायला पोराला घेऊनच जा आणि तपासायचं काम त्यालाच द्या. आमची पोरगी लोहचुंबक आणि बॅटरी घेऊन गेली होती. गंज बघायचा तो मागच्या चाकाच्या लगेच पुढे, दाराखालच्या पट्टीत. टपावरचं पाणी सीटच्या मागे दोन बाजूंना असलेल्या ड्रेनमधून खाली जातं, ते ड्रेन पानांनी आणि मातीने तुंबले की पाणी आतच साठतं आणि पट्टी आतून कुजते, त्यात इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात मग तर विचारूच नका. या पट्टीवर चुंबक जिथे धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. १९९० किंवा १९९१ची सुरुवातीची गाडी असेल तर क्रँकची (पिस्टनने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) पुढची पुली बघा, चार खाचा असतील तर तो जुना आखूड नाकाचा क्रँक, त्यात पुलीची चावी (पुली जागेवर धरणारा छोटा धातूचा तुकडा) ढिली पडून क्रँकच खराब होतो, आठ खाचांची घ्या. आणि कागद विकणाऱ्याच्या नावावर आहे ना एवढं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी एक तरी गोष्ट चालू करून दाखवा. आमच्या गाडीचा डावा हेडलाइट वर येत नव्हता. मोटरवर हाताने फिरवायची एक गोल मूठ असते, ती फिरवून तिने लाइट वर आणला, मग वायरचा प्लग साफ करून परत जोडला आणि बटण दाबल्यावर दोन्ही डोळे एकदम उघडले, ती जी ओरडली ना, वरून बायको धावत आली काय झालं म्हणून. पुढे तीन महिने गंज आणि ग्रीसच होतं, त्या सगळ्याला ती ओरड पुरली.

आता सेफ्टी, आणि इथे मी अजिबात ऐकून घेत नाही. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. पुढे मधल्या क्रॉसमेंबरखाली (गाडीखालचा आडवा लोखंडी भाग), मागे डिफरन्शियलखाली (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा) जॅक लावायचा (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल जोडणारी लांब ॲल्युमिनियमची फ्रेम असते तिच्याखाली कधीच नाही), मग चार स्टँड दाराखालच्या कडेला जिथे जागा दिलीय तिथे, आणि मग दोघांनी मिळून गाडी जोरात हलवून बघायची. हलली तर परत खाली. पट्टी कुजलेली असेल तर तिथे स्टँड चालणारच नाही, तो वेल्डिंगवाल्याचा विषय, तो आधी करून घ्या. डोळ्यांना चष्मा, हातात नायट्राइलचे ग्लोव्हज. ब्रेकची धूळ फुंकायची नाही, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची. शटर बंद ठेवून इंजिन चालू करायचं नाही, दोन मिनिटंसुद्धा नाही. स्टिअरिंगला हात लावायच्या आधी डिकीतल्या बॅटरीची वायर काढा आणि थोडा वेळ थांबा, एअरबॅग आहे तिथे. आणि पोरगं एकटं गाडीखाली जाणार नाही, तुम्ही ऑफिसच्या कॉलवर असाल तर त्या दिवशी गाडीखालचं काम बंद.

सामान फार लागत नाही. १०, १२, १४, १७, १९ आणि २१चे सॉकेट, एक चांगला टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळायचा पाना), ब्रेकच्या पाइपसाठी १०चा फ्लेअर पाना (साध्या पान्याने त्या नटाचे कोपरे जातात आणि मग रडायची वेळ), पेनिट्रेटिंग ऑइल, आणि श्रीखंडाचे रिकामे डबे. डबे मस्करीत सांगत नाहीये. प्रत्येक पार्टचे बोल्ट एका डब्यात, वर पट्टी चिकटवून पोराच्या अक्षरात नाव, आणि काहीही खोलायच्या आधी मोबाइलवर तीन फोटो. फोटो काढणं हे त्यांच्या पिढीला सांगावं लागत नाही, पण "खोलायच्या आधी" हे मात्र दहादा सांगावं लागतं.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी लगेच चावी फिरवून चालू करू नका. जुनं पेट्रोल मोकळ्या हवेत उपसून काढा आणि काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवशी नेऊन द्या, वास वार्निशसारखा येत असेल तर फिल्टरही गेलाच. ऑइल बदला, साधारण पावणेचार क्वार्ट लागतं. ऑइल फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली अशा ठिकाणी आहे की माझा हात कोपरापर्यंत सोलतो, पोरीचा बारीक हात बरोबर आत गेला आणि तेव्हापासून ते काम तिचं. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, एक रात्र राहू द्या, मग क्रँकच्या २१च्या बोल्टला सॉकेट लावून पुढून बघताना घड्याळाच्या दिशेने हाताने दोन फेरे फिरवा. अडकलं तर जोर करायचा नाही. फिरलं तर इंजिनच्या मागच्या बाजूला कॅम अँगल सेन्सर आहे त्याची वायर काढा, म्हणजे स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही बंद, आणि स्टार्टर थोडा थोडा मारत डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा काटा उठतो का बघा. १९९२च्या गाडीत तो काटा खरं प्रेशर दाखवतो. काटा उठला की सेन्सरची वायर जोडा आणि स्पार्क प्लग परत, हाताने आटे बसवत, कारण हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि सॉकेटने सुरुवात केली तर आटे जातात. मग चालू करा. वरून टिक टिक टिक आवाज येईल, ते हायड्रॉलिक लिफ्टर, बरेचदा ऑइल गरम झाल्यावर शांत होतात, घाबरू नका.

इंजिन चालू झालं की पोरांना लगेच चक्कर मारायची असते, आणि इथेच मोठ्यांची परीक्षा आहे. ब्रेक झाल्याशिवाय गाडी गॅरेजच्या बाहेर एक फूट जाणार नाही. आमच्याकडे ब्रेक हा पूर्ण तिचा विषय होता, म्हणजे वाचणं, पार्टची लिस्ट, ऑर्डर, खोलणं, लावणं सगळं. मुद्दाम तिला सगळ्यात जबाबदारीचं काम दिलं, कारण सीट कव्हर आणि पॉलिश पोरांना देऊन महत्त्वाचं आपण ठेवलं की त्यांना ते बरोबर कळतं.

जुनी गाडी नुसती उभी राहिली की कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणारा भाग) स्लाइड पिना अडकतात, मागच्या तर हमखास. काढून घासून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, रबरी बूट फाटले असतील तर नवे. लवचिक होज कितीही चांगले दिसले तरी बदला, तीस वर्षांचं रबर आतून सुजतं. मागच्या कॅलिपरचा पिस्टन पुढच्यासारखा दाबून आत जात नाही, हँडब्रेक तिथेच असल्यामुळे तो स्क्रूवर आहे. कॅलिपरच्या मागे एक छोटा बोल्ट असतो, तो काढला की आत ४ मिलिमीटरची ॲलन की बसते, उलटी फिरवली की पिस्टन आत जातो, नवे पॅड बसवले की सुलटी फिरवून चाक जाम होईपर्यंत आणायचं आणि मग साधारण एक तृतीयांश फेरा मागे. हे माहीत नसलेले लोक सी-क्लॅम्प लावून कॅलिपर मोडतात. तिने हे स्वतः शोधून मला दाखवलं, मी क्लॅम्प हातात घेऊनच उभा होतो.

मग ब्रेक ऑइल. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, इथल्या गाडीत स्टिअरिंग डावीकडे म्हणून मागचं उजवं, मग मागचं डावं, पुढचं उजवं, शेवटी पुढचं डावं. एक जण पेडलवर, एक जण निपलवर (कॅलिपरवरचा, हवा आणि जुनं ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू), आणि शब्द तीनच ठरवा: दाब, धरून ठेव, सोड. निपल बंद झाल्याशिवाय "सोड" म्हणायचं नाही नाहीतर हवा परत आत. डब्यातलं ऑइल संपू द्यायचं नाही. आमचं पहिलं ऑइल कडक चहासारखं निघालं, चारही चाकांना स्वच्छ पिवळसर येईपर्यंत काढलं. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी, रंग खातं ते. क्लच पेडल खाली जाऊन तिथेच राहत असेल तर स्लेव्ह सिलेंडर, या गाडीचं जुनं दुखणं, दोन बोल्टचं काम आहे.

सगळं झाल्यावर उभ्या गाडीत पेडल जोरात दाबून एक मिनिट धरा, हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळती आहे. मग सपाट ड्राइव्हवेवर चालण्याच्या वेगाने दहा वेळा थांबून बघा. आणि रस्त्यावर काढायच्या आधी एकदा चांगल्या मेकॅनिककडून ब्रेक तपासून घ्या. आमच्या मेकॅनिकने चारही चाकं बघितली आणि मला न विचारता तिला विचारलं, पिना कुठल्या ग्रीसने लावल्या. तिने सांगितलं. तो फक्त मान हलवून पुढच्या गाडीकडे गेला, पण पोरगी घरी येईपर्यंत हसत होती.

एक चूक सांगतो. टायमिंग बेल्टचं काम अर्धं झालं होतं (तो ६०,००० मैलांना बदलायचा, सोबत वॉटर पंप, टेन्शनर आणि पुढची सीलं एकदमच करा, परत तेवढं कोण खोलणार) आणि तिची परीक्षा आली. कव्हर उघडं, रेडिएटर बाहेर, मला बघवेना. एका रात्री खाली जाऊन मी खुणा जुळवल्या, बेल्ट चढवला, कव्हर लावून मोकळा झालो. सकाळी तिने बघितलं, काही बोलली नाही, आणि पुढचे तीन रविवार खाली आली नाही. चौथ्या रविवारी मी कव्हर परत उघडलं, बेल्ट काढला, माफी मागितली आणि वर जाऊन चहा ठेवला. अर्ध्या तासाने खालून हाक आली, "बाबा, बॅटरी धरा ना." तिने कॅमच्या आय (इनटेक) आणि ई (एक्झॉस्ट) खुणा जुळवल्या, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून परत तपासल्या, ही तपासणी मी त्या रात्री केली नव्हती. काम चार महिने अर्धवट पडलं तरी चालेल, पण त्यांचं काम रात्री जाऊन करू नका.

बाकी भराभर सांगतो. ड्रेन साफ करायला तार नको, भोक पडतं, गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी घाला आणि वरून पाणी ओतून चाकापुढे खाली येतंय का बघा. टपाची मागची काच प्लॅस्टिकची असेल तर टप खाली करायच्या आधी चेन उघडून ती सपाट ठेवा, आणि थंडीत दुमडूच नका, तडकते. बॅटरी डिकीत आहे म्हणून सीलबंद आणि वाफेची नळी जोडता येईल अशीच घ्या, साधी घेतली तर ॲसिडची वाफ डिकीचा पत्रा खाते. रंग सगळ्यात शेवटी. आमच्या लाल रंगावर क्लिअर कोट नाही, पॉलिश करताना कापड लाल होतं, ते नॉर्मल आहे, पण कडांवर हलका हात. २५ वर्षांवरच्या गाडीला इथे क्यूक्यू प्लेट (जुन्या ऐतिहासिक गाड्यांची) मिळते पण ती प्रदर्शनाच्या वगैरे वापरापुरती, पोरगी रोज चालवणार असेल तर साधी नंबर प्लेटच ठेवा.

ती सतरा वर्षांची झाली आणि टेस्ट पास झाली त्याच आठवड्यात पहिली चक्कर मारली, ती स्टिअरिंगवर, मी शेजारी, टप उघडा, एप्रिल असल्यामुळे दोघांनी कानटोप्या घातलेल्या. परत आल्यावर गाडीखाली रात्रभर पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग कुठे आणि कुठल्या रंगाचा आहे त्यावरून गळती कळते, आमच्याकडे कॅम अँगल सेन्सरच्या ओ-रिंगमधून ऑइल निघालं, काही डॉलरची रिंग. आणि पहिल्या पन्नास मैलांनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने परत तपासा, ८० फूट-पाउंड, आमचे दोन किंचित ढिले निघाले होते.