शुक्रवारी म्हापसा की शनिवारी हडफडे? गोव्याच्या बार्देश तालुक्यातला बाजार निवडताना

आधी पिशवीत काय भरायचे ते ठरवा, वार मग आपोआप ठरतो. खाण्याचे, साठवणीचे किंवा स्वयंपाकघरात वापरायचे काही हवे असेल तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. कपडे, दागिने, गाणे-बजावणे आणि रात्रीचे जेवण हवे असेल तर हडफड्याचा शनिवारचा रात्रबाजार. हणजुण्याचा बुधवारचा बाजार शनिवारच्याच वळणाचा, फक्त दिवसाचा आणि समुद्राकाठचा. शुक्रवार-शनिवार हाताशी असतील तर त्याच्यासाठी मुक्काम वाढवू नका.

दुसरा निकष महिन्याचा. हडफडे आणि हणजुणे हे पर्यटनाच्या हंगामापुरते, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. हंगामाच्या सुरुवातीला त्या आठवड्यात बाजार भरतोय का, हे राहत्या ठिकाणी विचारूनच निघा. म्हापसा मात्र बारमाही, आणि तिथला सगळ्यात भरगच्च काळ मे महिना. पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. सुकी मासळी, मिरची, सोलं (म्हणजे आमसुलं), चिंच, कांद्यांच्या माळा हे सगळे तेव्हा ढिगाने येते. साठवणीसाठीच जायचे असेल तर मे सोडून दुसरा विचार करू नये.

म्हापशाला सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान पोचा. आसपासच्या गावांतून आपल्या परसातला माल घेऊन येणाऱ्या बायका वाटेच्या कडेला बसतात. त्यांच्याकडचा माल थोडा आणि चांगला असतो, म्हणून तो लवकर संपतो. दुपारी उरतात ती मुख्यतः कायमची दुकाने. पहिली फेरी रिकाम्या हाताने मारून भाव बघा. दुसऱ्या फेरीत मिरची, सोलं, गूळ घ्या, मग चोरीस (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज), भाजी आणि केळी, आणि मातीची भांडी अगदी शेवटी. भांडी आधी घेतली तर गर्दीत कडा फुटतात.

भाजी, फळे आणि मासळी पुष्कळदा वजनावर नाही, वाट्यावर विकतात. वाटा उचलण्याआधी तळचा माल वर करून दाखवायला सांगा, त्यात कुणाला राग येत नाही. परसातला माल विकणाऱ्या बाईशी दहा-वीस रुपयांवरून ताणू नका. एकाच ठिकाणी दोन-तीन वाटे घेतले तर ती स्वतःहून मूठभर जास्त घालते.

सोलं घेताना एक सोल बोटांत दाबा. चांगले सोल मऊ, चिवट आणि काळपट जांभळे असते. कडक आणि पापडासारखे मोडणारे म्हणजे जुने. वर मिठाचा जाड थर असेल तर तुम्ही मिठाचे वजन विकत घेत आहात. शंका आली तर एक सोल पाण्यात टाकायला मागा, थोड्याच वेळात पाण्याला लाल रंग सुटायला हवा.

माडाचा गूळ काळपट आणि शंकूसारख्या आकाराचा मिळतो. फोडल्यावर आत मऊ, चिकट आणि धुरकट वासाचा हवा. आत साखरेचे चकचकीत कण दिसले, रंग फिका आणि ढेप दगडासारखी असेल तर भेसळ समजा. हा गूळ ओल धरतो, पावसाळ्यात उघडा राहिला तर पाणी सुटते. घरी नेताच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

सुकी मासळी वाकवून बघा. नीट सुकलेली कडक लागते, अर्धवट सुकलेली लवचिक असते आणि आठवड्याभरात तिला बुरशी येते. पिवळट तेलकट डाग म्हणजे चरबी खवट झालेली, आणि नाकात झोंबणारा वास आला तर पुढे व्हा. गालमो, म्हणजे आपला जवळा, तळहातावर चोळा. वाळू लागली तर घेऊ नका, घरी कितीही धुतला तरी ती पूर्ण जात नाही.

चोरिशीच्या माळेतले मणी टणक हवेत. चरबी गळत असेल तर ती पुरेशी सुकलेली नाही. प्रवास मोठा असेल तर कागदात गुंडाळा, बंद प्लॅस्टिकमध्ये घाम सुटून ती बिघडते. काणकोणच्या खोला मिरचीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून तिच्या नावाखाली बरेच काही खपवले जाते. शेजारच्या साध्या लाल मिरचीच्याच भावात कुणी खोला देत असेल तर ती खोला नाही. मयडे गावची मोठी केळी दिसली तर मात्र विचार करत बसू नका.

खरी गोव्याची कारागिरी बघायची असेल तरीही म्हापसाच. बांबूची सुपे-टोपल्या आणि मातीची भांडी इथे वापरायला म्हणून विकतात, शोभेसाठी नाही. भांडे बोटाने वाजवा, खणखणीत आवाज आला तर घ्या. बद्द आवाज म्हणजे कुठेतरी चीर. घरी आल्यावर रात्रभर पाण्यात बुडवा, दुसऱ्या दिवशी मंद आचेवर त्यात पेज उकळा, मगच कालवणाला घ्या. कोरडे भांडे थेट मोठ्या आचेवर ठेवले तर तडकणारच. कुणबी साडी बाजारात शोधण्यापेक्षा गोवा सरकारच्या हस्तकला महामंडळाच्या ‘अपरांत’ दुकानात बघा.

हडफड्याला बरेचसे कपडे, पिशव्या, दागिने राजस्थान, गुजरात, काश्मीर आणि कर्नाटकातून आलेले असतात. ते वाईट नव्हेत, पण गोव्याची आठवण म्हणून घेऊ नका. पहिल्या भावाच्या निम्म्यापासून बोलायला लागा. दागिन्यावर 925 कोरलेले असले तरी ती चांदीची खात्री नाही, चांदीचा भाव द्यायचा असेल तर हॉलमार्क बघा. प्रवाळ आणि मोठे शंख टाळाच. त्यांतल्या अनेक जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर ते जप्त होतात. सहा-सातला पोचलात तर पार्किंग मिळते आणि खाण्याच्या टपऱ्यांवर रांग नसते. गाण्याची मजा नऊनंतर, तेव्हा खरेदी आधी उरका.

जाण्यायेण्याचे सोपे आहे तेवढेच अडचणीचे. म्हापशाचे बसस्थानक बाजाराला लागून आहे, पणजी तेरा किलोमीटर, कोकण रेल्वेचे जवळचे स्थानक थिवी. हडफड्याहून रात्री बसची आशा धरू नका. टॅक्सीचे भाडे बसण्याआधी ठरवा, किंवा परतीची गाडी जातानाच सांगून ठेवा. भाड्याची दुचाकी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचीच घ्या, खासगी पाटीची घेतली तर पोलिसांच्या तपासणीत तुम्हीच अडकता.

फेणीच्या बाटलीचे मात्र निघण्याआधी बघा. गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू महाराष्ट्रात आणली तर राज्य उत्पादन शुल्क विभाग कारवाई करतो, आणि बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्या तपासल्या जातात.